एकवीस कीं वीस एक?

मुलांना काय शिकवावें या प्रश्नावर आमच्या समाजांत वादविवाद नित्य होत असतात. परंतु तीं मुलें आज नेमकें काय शिकत आहेत, याची विचारपूस करण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात. जून महिन्यांत शाळा उघडल्या म्हणजे पुस्तकांच्या किंमती, दप्तराचें वजन आणि गणवेशाचा रंग हे विषय घरोघर निघतात. दिवाळीच्या सुटीपर्यंतच्या पहिल्या सत्रांत दुसरीच्या वर्गांतील मुलाला कोणता डोंगर चढून जावयाचा आहे, हें मात्र पुष्कळदां त्याच्या बापालाही सांगतां येत नाहीं. तो डोंगर म्हणजे शंभरपर्यंतच्या संख्या. आपण मोठीं माणसें तो इतक्या वर्षांपूर्वीं चढून आलों आहोंत कीं तेथें चढण होती, याचीच आपल्याला आठवण राहिलेली नाहीं.

या संख्यांच्या नांवांवरून २०१९ सालीं महाराष्ट्रांत एक वादळ उठलें होतें, तें वाचकांस स्मरत असेल. 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीस ही संख्या 'वीस एक', बत्तीस ही संख्या 'तीस दोन', अशी वाचण्याची रीति देण्यांत आली. जुनीं नांवें पुसून टाकलीं नव्हतीं. त्यांच्या जोडीला ही नवी रीति ठेवली होती. गणिताच्या अभ्यास मंडळाच्या प्रमुख मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनीं तिचें समर्थन केलें. मराठी संख्यानामांतील जोडाक्षरें लहान मुलांस जड जातात. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम परस्परांच्या उलट असल्यामुळें त्यांचा गोंधळ होतो. दक्षिणेकडील भाषांत आणि इंग्रजींत दशक आधीं बोलण्याचीच चाल आहे. असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. त्यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली, विधिमंडळांत विनोद झाले, आणि ज्यांचा गणिताशीं शाळा सोडल्यापासून कांहींच संबंध उरला नव्हता अशा अनेकांनीं मराठी भाषा बुडाली असा निर्वाळा देऊन टाकला. आतां तें वादळ शमलें आहे, आणि म्हणूनच त्या प्रश्नाकडे शांतपणें पाहण्यास ही वेळ बरी आहे.

वरकरणी हा प्रश्न भाषेचा किंवा अध्यापनशास्त्राचा दिसतो. आमच्या मतें तो मुळांत नीतीचा आहे. ज्याला नकार देण्याची शक्ति नाहीं अशा लहान जीवावर ओझें टाकण्याचा अधिकार मोठ्यांना कोणत्या अटीवर प्राप्त होतो? आणि तें ओझें उतरवितांना त्याच्याबरोबर त्या जीवाच्या मालकीचें आणखीही कांहीं आपण काढून घेत नाहीं ना, हें पाहण्याची जबाबदारी कोणाची?

प्रथम ओझें केवढें आहे तें पाहूं. 'दोन' हा शब्द मुलाला येतो. पण बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव या आठ शब्दांत 'दोन' कोठेंही ऐकूं येत नाहीं. ऐकूं येतें तें संस्कृत 'द्वि'चें शतकानुशतकें झिजत आलेलें रूप, आणि तेंही कधीं 'बा', कधीं 'ब', कधीं 'बे', तर कधीं 'ब्या'. सहाची गोष्ट याहून विचित्र आहे. सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर: एखाद्या बहुरूप्यानें दारोदार सोंग पालटून जावें तसा हा आंकडा वावरतो. दशकांचीही तीच तऱ्हा. पन्नासाचा छप्पन्नांत 'पन्न' होतो आणि बावन्नांत 'वन्न'. सत्तराचा 'हत्तर' होतो. नव्वदाचा 'ण्णव' होतो. शिवाय एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या मालिकेंत तर नवाचें नांवच नाहीं. पुढच्या दशकांतून एक उणा, असा तो हिशेब आहे. म्हणजे २९ लिहितांना हात दोनाचा आंकडा काढीत असतो आणि तोंड तीस म्हणत असतें. ही खोड अंगवळणी पडली न पडली तोंच नव्व्याण्णव पुढें येऊन उभा राहतो आणि शिकलेला नियम मोडून टाकतो. एकोणशंभर असें कोणी म्हणत नाहीं. सात वर्षांच्या मुलानें हें सर्व पाठ करावयाचें आणि पुन्हा त्यालाच गणित म्हणावयाचें!

हें घरीं बसून तर्कानें सांगण्यापेक्षां डोळ्यांनीं पाहावें, म्हणून आम्हीं डिलाईल रोडवरील एका प्राथमिक शाळेंत एक सकाळ घालविली. हाच रस्ता निवडण्याचें कारण उघड आहे. पश्चिम आणि मध्य या दोन लोहमार्गांच्या मधोमध असलेली ही वस्ती गिरणी-कामगारांची. 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'नें १९२० नंतरच्या दशकांत मुंबईंत ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांपैकीं ३२ येथल्या. प्रत्येक चाळीला तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळींत ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. मराठी माध्यमाची महापालिकेची शाळा ज्यांच्याकरितां असते तीं मुलें पिढ्यान्‌पिढ्या अशाच खोल्यांतून येत आलीं आहेत. रस्त्याचें नांव आतां ना. म. जोशी मार्ग आहे. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) यांनीं १९११ सालीं 'सोशल सर्व्हिस लीग' स्थापून याच भागांतील कामगारांकरितां रात्रीच्या शाळा आणि वाचनालयें चालविलीं, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नांवाचें औचित्य पटेल. लोकांच्या तोंडीं मात्र डिलाईल रोडच राहिला. जुनें आणि नवें हीं दोन्ही नांवें तेथें शेजारीं शेजारीं नांदत आहेत, आणि त्यामुळें आजवर टपालवाल्याचें कांहीं अडल्याचें ऐकिवांत नाहीं.

वर्गांत बाईंनीं 'सत्तेचाळीस' असें सांगितलें. बहुतेक वह्यांत ४७ उमटले; चार-पांच वह्यांत ७४. ज्यांनीं ७४ लिहिले त्यांचें कान अगर बुद्धि यांपैकीं कांहींही मंद नव्हतें. त्यांनीं जें प्रथम ऐकलें तें प्रथम लिहिलें, इतकाच त्यांचा अपराध. एका मुलीनें मात्र आधीं ७ काढला, त्याच्या डावीकडे जागा राखली, आणि मागाहून तेथें ४ बसविला. उत्तर बरोबर आलें. आम्हीं तिच्या युक्तीचें कौतुक केलें, तेव्हां बाई म्हणाल्या, "कागदावर हें चालतं, सर. पण मोबाइलवर वडिलांचा नंबर दाबायला सांगितला कीं डावीकडे जागा कुठून ठेवणार?"

त्यांना कदाचित् कल्पना नसेल, परंतु याच अडचणीपायीं एका संबंध राष्ट्रानें आपली मोजण्याची भाषा बदलली आहे. नॉर्वे देशांत पूर्वीं आपल्यासारखेंच 'एक आणि वीस' असें म्हणत. टेलिफोन आले, आंकडे तोंडानें सांगून जोडणी करून घ्यावयाची वेळ आली, आणि घोटाळे होऊं लागले. तेव्हां तेथील लोकसभेनें ठराव केला, आणि १ जुलै १९५१ पासून शाळांत व सरकारी व्यवहारांत 'वीस एक' ही रीति सुरू झाली. याला आतां सत्तर वर्षांवर काळ लोटला. तरी जुन्या पद्धतीनें बोलणारे लोक त्या देशांत अद्यापही आहेत, आणि नॉर्वेजियन भाषा बुडालेली नाहीं. जर्मनांनीं मात्र आपली 'एक आणि वीस' ही चाल अजून सोडलेली नाहीं, आणि त्यांचीं मुलें ४७ च्या जागीं ७४ लिहितात, हा तेथील शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

आतां दुसरी बाजू. नव्या रीतीला जो विरोध झाला त्याची नुसती थट्टा करून भागणार नाहीं. लालबाग-परळच्या मुलाला गणपतीच्या ताटांत एकवीस मोदक असतात आणि दूर्वांची जुडी एकवीसांची असते, हें शाळेंत जाण्यापूर्वीं कळलेलें असतें. ज्या दोन शेजाऱ्यांचें पटत नाहीं त्यांच्यांत छत्तीसाचा आंकडा असतो, आणि तो तसा कां, हें ३६ हे आंकडे देवनागरींत लिहून पाहिले म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेल्या तिनावरून आणि सहावरून डोळ्यांना दिसतें. सोनें बावनकशी असतें. दारिद्र्य अठराविश्वे असतें. अठरा विसे तीनशें साठ, म्हणजे वर्षाचे बारा महिने, असा त्याचा उलगडा जुनीं माणसें करून देतात. हे शब्द म्हणजे नुसतीं मोजण्याचीं मापें नव्हेत. त्यांना घरांचा, सणांचा आणि भांडणांचा वास लागलेला आहे. 'तीस सहाचा आंकडा' असें म्हणून पाहावें, म्हणजे काय गमावतें तें कळेल.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे घराची आणि शाळेची गांठ. सुखवस्तु घरांतील मुलाला शिकवणी असते, पुस्तकें असतात, संगणक असतो. चाळींतल्या मुलाला पुष्कळदां एकच शिक्षक असतो, आणि तो म्हणजे त्याचा आजा. १८ जानेवारी १९८२ रोजीं जो गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ज्यांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले, त्या संपानंतर ज्यांच्या हातचें काम कायमचें गेलें, असे वृद्ध या रस्त्यावर आजही भेटतात. त्यांच्यापैकीं कित्येकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, एवढेंच काय पण साडेतिनाच्या पटींची औटकीसुद्धां मुखोद्गत असते. नातू 'चाळीस सात' म्हणत घरीं आला आणि आज्याला तें उमगलें नाहीं, तर त्या खोलींतील एकमेव फुकटचा शिक्षक शाळेनें बडतर्फ केला असें होईल. सुधारणेचा आराखडा कचेरींत तयार होतो तेव्हां या बडतर्फीची नोंद कोणत्याही कागदावर होत नसते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं आम्ही जुन्याच्याच पक्षाचे आहों. परंतु परंपरा म्हणून आपण जिचें नांव घेतों ती खरोखर एकच होती काय, हें तपासून पाहिलें पाहिजे. खेड्यांतील निरक्षर बायका आंबे, अंडीं, गोवऱ्या विसांनीं मोजीत. 'दोन विसा आणि सात' हा त्यांचा सत्तेचाळीसाचा उच्चार. शाळेचें तोंडही न पाहिलेल्या या आजीबाई मोठें माप आधीं आणि सुटें मागून, अशाच क्रमानें बोलत होत्या. मंडळानें सुचविलेली रीति परदेशांतून आणली असें म्हणणाऱ्यांना ती स्वतःच्या आजोळीं सांपडली असती. कोंकणांतून आणि घाटावरून डिलाईल रोडला आलेल्या घरांत असें मोजणाऱ्या म्हाताऱ्या नव्हत्या, असें कोण म्हणेल? तसेंच या भागांतील गिरण्यांत मराठी कामगारांच्या मागाशेजारीं तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकरही उभे असत. तेलुगूंत एकवीसाला 'इरवै ओकटि' म्हणतात. अक्षरशः 'वीस एक'. एकाच खात्यांत, एकाच भोंग्यावर येणारे दोन विणकर एकच कापड दोन क्रमांनीं मोजीत होते, आणि कापड कमी भरत नव्हतें. मुंबईची महापालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवीत आली आहे. त्यांपैकीं मराठी, हिंदी, उर्दू व गुजराती यांत सुटा आंकडा आधीं येतो. तमिळ, तेलुगू, कानडी व इंग्रजी यांत, निदान विसाच्या पुढें, दशक आधीं येतें. चार विरुद्ध चार! तेव्हां यांपैकीं एक क्रम निसर्गानें घालून दिला आणि दुसरा बाटगा, असें म्हणण्यास जागाच नाहीं.

मग वाद कशासाठीं? आमच्या मतें ज्या वर्गानें या बाबतींत सर्वांत मोठा आवाज केला त्याच्या वर्तनाकडे पाहिल्यावांचून हें कोडें सुटत नाहीं. आमचा सुशिक्षित मध्यम वर्ग आपल्या मुलांना गेलीं कित्येक वर्षें इंग्रजी माध्यमांत घालीत आहे. त्या शाळांतून 'ट्वेंटी-वन' म्हणतात. हा तर उघड उघड 'वीस एक'च आहे. पण त्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचें आम्हांला आठवत नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्या घरांत शुद्ध मराठी बोललें जातें तेथेंही दूरध्वनीचे क्रमांक, क्रिकेटच्या धावा, परीक्षेचे गुण आणि दुकानांतील भाव इंग्रजींत सांगण्याची चाल पडली आहे. आमच्या पदवीच्या वर्गांत आम्हीं 'एकोणऐंशी' असें म्हटलें कीं दोन-चार चेहरे प्रश्नार्थक होतात, आणि शेजारचा विद्यार्थी हळूच 'सेव्हंटी-नाइन' असा तर्जुमा पुरवितो. हे विद्यार्थी मराठी घरांतलेच आहेत. मग त्र्याहत्तर, शहाऐंशी आणि एकोणसत्तर हा ठेवा सांभाळावयाचा कोणी? तर डिलाईल रोडच्या दुसरींतल्या मुलानें! ज्यांनीं तो स्वतः खाली ठेवला त्यांनीं तो त्याच्या खांद्यावर चढविण्याचा आग्रह धरला, यांत आम्हांला खरा अन्याय दिसतो.

या ठिकाणीं एक दाखला घेऊं. इंग्रजींत आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना मिळून एकच शब्द आहे. उद्यां एखाद्या तर्कशुद्ध माणसानें अशी सूचना केली कीं 'आत्या' हा शब्द अर्थबोधक नाहीं, त्याऐवजीं 'वडिलांची बहीण' असें शिकवावें, तर आपण हंसूं. आणि तरीही तर्काच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें खोटें नाहीं. मूल 'आत्या' हा शब्द विनासायास शिकतें, त्याचें कारण त्या शब्दाची रचना सोपी आहे हें नव्हे. आत्या घरीं येते, खाऊ आणते, कान पिळते, हें आहे. जो शब्द घरांत वावरतो त्याचें ओझें होत नाहीं. जुन्या काळीं त्र्याहत्तर हा शब्दही घरांत वावरत होता. गिरणींतला हजेरीचा क्रमांक, वाण्याची उधारी, खानावळीचा महिना, भिशीचा हप्ता, हें सर्व त्याच भाषेंत बोललें जाई, आणि मूल चुलीपाशीं बसून तें ऐकत असे. शाळेला फक्त त्या ऐकलेल्या शब्दाला आंकड्याची खूण जोडून द्यावयाची होती. आज घरानें आणि बाजारानें बोलणें थांबविलें आहे. शब्द ऐकूं येत नाहींत, म्हणून ते यादीवरून पाठ करावे लागतात. अशा स्थितींत सात वर्षांच्या मुलाला संख्यानामें अवघड जातात हा त्याच्या बुद्धीचा, किंवा केवळ जोडाक्षरांचा दोष आहे असें म्हणणें आम्हांला अर्धवट वाटतें. नारळीकरबाईंचें निदान बरोबर होतें. पण रोग त्यांच्या पुस्तकाच्या बराच बाहेर पसरलेला होता.

विद्येंतील कष्ट एका जातीचे नसतात. कांहीं कष्ट त्या वस्तूच्या पोटांतच असतात. दहा सुटे मिळून एक दशक होतें आणि तें डावीकडच्या घरांत जाऊन बसतें, ही कल्पना मानवी बुद्धीला फार उशीरां आणि फार थोड्या ठिकाणीं सुचलेली आहे. ती सात वर्षांच्या मुलाला आठवड्याभरांत कळेल अशी अपेक्षा करणें चूक, आणि तिचे कष्ट त्याला चुकविणें त्याहून चूक. दुसरे कष्ट वाटेंतले. नदीला पूल नसला म्हणजे जो वळसा पडतो, तसे ते आहेत. त्यांत पुण्य नाहीं. पावकी-निमकीचें उदाहरण येथें बोलकें आहे. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते तोंवर पावपट, अर्धपट, पाऊणपट यांचे पाढे म्हणजे रोजच्या बाजाराचीं हत्यारें होतीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, आणि तें ओझें एका पिढींत गळून पडलें. आज तें मुलांना पुन्हा द्या असें कोणी म्हणत नाहीं, आणि म्हणूंही नये. परंतु एकवीस, छत्तीस, सत्तेचाळीस यांची गोष्ट पावकीसारखी संपलेली नाहीं. भाजीवाली आजही 'पंचेचाळीसला पाव किलो' म्हणते, एस. टी.चा वाहक, रेशनचा दुकानदार, गांवचा काका, हे सर्व तीच भाषा बोलतात. ज्या मुलाचें उद्यांचें आयुष्य या माणसांत जावयाचें आहे त्याला ती भाषा न देणें म्हणजे पुलावरून पलीकडे नेऊन पूल पाडून टाकणें होय.

म्हणून आमचें मत असें कीं वर्गांत दशक आधीं बोलावें आणि घरचें नांव त्याच्या मागोमाग, त्याच तासाला यावें. 'चाळीस आणि सात' हा त्या संख्येचा अर्थ. 'सत्तेचाळीस' हें तिचें नांव. अर्थ कळण्यापूर्वीं नांव घोकविणें ही क्रूरता आहे, आणि अर्थ कळल्यावर नांव न सांगणें हा कंजूषपणा आहे. पुस्तकांत दोन्ही होतीं. भांडण करणाऱ्यांनीं पुस्तक उघडून पाहिलें असतें तर तेवढी शाई वांचली असती.

यावर त्या शाळेंतील बाईंनीं घेतलेला आक्षेप लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन्ही शिकवा म्हणतां, म्हणजे मुलाला एक ओझं होतं त्याचीं दोन झालीं. शिवाय माझ्या वर्गांत निम्म्या मुलांच्या घरीं मराठी बोलतच नाहींत. त्यांना कोणता आजोबा सत्तेचाळीस सांगणार?" ही शंका खरी आहे, आणि तिला आमच्यापाशीं संपूर्ण उत्तर नाहीं. उत्तर प्रदेशांतून किंवा बिहारांतून आलेल्या कुटुंबांतील मूल घरीं सैंतालीस म्हणतें. त्याचा क्रम मराठीसारखाच आहे, पण शब्द निराळा आहे. त्याला 'चाळीस सात' हा पूल मराठी मुलापेक्षांही अधिक लागेल, आणि घरचें नांव पक्कें व्हावयास त्याला मराठी मुलाहून एखादें वर्ष अधिक लागलें, तर तें त्याला निमूटपणें द्यावें. तोंपर्यंत त्याने 'चाळीस सात' म्हटल्यास त्याचा गुण कापूं नये. सवलत ही ज्याला हवी त्याला, हवी तितके दिवस मिळाली पाहिजे. ती सर्वांवर लादली कीं तिचाच जाच होतो.

२०२५ सालीं हीच तऱ्हा पुन्हा दिसली. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचा शासननिर्णय एप्रिलांत निघाला, जूनमध्यें तो सुधारून पुन्हा निघाला, आणि २९ जून रोजीं दोन्ही निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली. पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा घालूं नये असेंच आमचेंही मत होतें, आणि तो निर्णय मागें घेतला गेला हें योग्य झालें. परंतु त्या तीन महिन्यांत अस्मितेविषयीं जेवढें बोललें गेलें त्याच्या शतांशानेंही सहा वर्षांचें मूल एका दिवसांत किती नवे शब्द पेलूं शकतें याविषयीं बोललें गेलें नाहीं. मोठ्यांच्या मानापमानाचा हिशेब मुलाच्या दप्तरांत चुकता करण्याची संवय आपल्याला जडली आहे. ज्यांचीं मुलें त्या वर्गांत बसत नाहींत त्यांनीं त्या वर्गाविषयीं मत देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हटल्यास आम्हांलाही लेखणी खालीं ठेवावी लागेल. पण मत देण्यापूर्वीं त्यांनीं त्या बाकावर एक तास बसून यावें, आणि घरीं आपण स्वतः भाव कोणत्या भाषेंत विचारतों, हेंही पाहावें.

इकडे डिलाईल रोडवर चाळींच्या पुनर्बांधणीचा नारळ २०१७ सालीं फुटला. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागीं ५०० चौरस फुटांचें घर मिळावयाचें आहे, आणि जुन्या चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या लिफ्टमध्यें नातू बटण दाबील तेव्हां त्याला आंकडाच दिसेल, नांव ऐकूं येणार नाहीं. आजा बरोबर असला तर तो मजल्याचें नांव मोठ्यानें म्हणेल, अशी आशा आहे.

एक मुद्दा मात्र आम्हांला अजून सुटलेला नाहीं. पुढील सत्रांत याच मुलांना हातच्याची बेरीज यावयाची आहे. सत्तेचाळीस आणि पस्तीस: सात आणि पांच बारा, बारांतले दोन मांडले, हातचा एक, चार आणि तीन सात, हातचा एक मिळून आठ, ब्याऐंशी. येथें हात उजवीकडून डावीकडे चालतो, सुटे आंकडे आधीं हाताळावे लागतात, आणि ज्या जुन्या क्रमाला आपण उलटा म्हटलें तोच या कामांत सुलटा ठरतो. आंकड्यांची गति डावीकडे असते असें जुने ज्योतिषी म्हणत, तें कदाचित् एवढ्याचकरितां नसेल. पण मुलाला त्याचा उपयोग होतो कीं नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. 'सत्तेचाळीस' म्हणणारीं मुलें आणि 'चाळीस सात' म्हणणारीं मुलें यांपैकीं कोणाचा हातचा अधिक वेळां विसरतो, हें दिवाळीनंतर मोजून ठेवा, असें आम्हीं त्या बाईंना पत्र घालून कळविलें आहे.